गावातला ओढा वाचवायचा तर लोकांना नेमकं काय शिकवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावचा ओढा दिवाळीनंतर आटतो, उरलेल्या डबक्यांत प्लास्टिक साचतं. शाळेतर्फे प्रभातफेऱ्या, घोषवाक्यं, व्याख्यानं सगळं झालं, तरी काही फरक पडत नाही. मग अशा लोकशिक्षणाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि खूप होतो. पण 'पाणी वाचवा' एवढंच सांगून होत नाही. मी साताऱ्याच्या पूर्व भागात भूगोल शिकवतो आणि सुट्टीत आसपासच्या गावांबरोबर पाणलोटाचं काम करतो. इथल्या माणसाला पाण्याची किंमत कोणी समजावून सांगायला नको, टँकरची वाट त्याने पाहिलेली असते. आपल्या शिवारात पाऊस किती पडतो, तो कुठून वाहतो, जमिनीत किती मुरतो आणि आपण उपसतो किती, याचा हिशोब मात्र त्याला कोणी मांडून दाखवलेला नसतो. शिकवायचा तो हा हिशोब, आणि तोही त्याच्याच हातून मोजून घेऊन.

सुरुवात हाताने करण्याच्या गोष्टीपासून करा. ए-फ्रेम घ्या. दोन काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधायच्या, मध्ये आडवी काठी आणि वरून दोरीला लोंबता दगड. आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर दोरी आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत असं समजायचं. तिथे चुना टाकायचा, पाय फिरवून पुढे जायचं. चुन्याचे ठिपके जोडले की डोंगरउतारावर समपातळी रेषा तयार होते आणि त्या रेषेवर सलग समतल चर खोदायचे. आठवीतली मुलगी हे एका दुपारात शिकते. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही जलसंधारणाच्या कामांची गावागावांतली स्पर्धा होती. तिची खरी ताकद मला या प्रशिक्षणातच दिसली. २०१६ साली कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या ३ तालुक्यांत स्पर्धा सुरू झाली, २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली. गावातली पाच माणसं निवासी प्रशिक्षणाला यायची आणि परत जाऊन गावाला शिकवायची. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिल्या वर्षी राज्यात पहिलं आलं. बाहेरून आलेल्या साहेबाने चर आखून दिला की तो 'सरकारी चर' होतो, पुढच्या वर्षी त्यातला गाळ कोणी काढत नाही.

दुसरा धडा विहिरीच्या काठावर. एप्रिल-मे महिन्यात एखादी न बांधलेली विहीर निवडा आणि जुन्या विहीर खोदणाऱ्या माणसाला सोबत घ्या. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (बारीक भोकांचा) खडक, आणि तळाला घट्ट काळा पाषाण. झरे कोणत्या थरातून येतात ते तो बोटाने दाखवतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी साठायला जागा फारच थोडी, ती या मधल्या सच्छिद्र थरांत आणि भेगांत. तोच थर पुढे ओढ्याच्या काठाला उघडा पडतो आणि तिथून पाणी पाझरतं, म्हणून पावसाळा संपल्यावरही ओढा वाहतो. विहिरी आणि बोअर त्या थराच्या खालून उपसू लागले की ओढ्याचा पाझर आधी बंद पडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'ओढा का आटला' याचं उत्तर लोक स्वतःच देतात. आणि नुसतं जेसीबी लावून ओढा खोल करण्याची घाईही जरा कमी होते. त्या खोलीकरणाला माझा विरोध आहे, निदान डोंगरमाथ्यावरचं चरांचं काम झाल्याशिवाय तरी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पाण्याचा ताळेबंद. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर वर्षाला ५०० कोटी लिटर. आकडा ऐकून सगळे खूश होतात. मग वजाबाकी सुरू करायची: वाफ होऊन गेलं ते, वाहून गेलं ते, मातीतच राहिलं ते. विहिरींच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा उरतो. त्याच्या समोर पिकं मांडा. पाटाने पाणी दिलेल्या १ हेक्टर उसाला वर्षाला साधारण २ कोटी लिटर लागतं, हरभऱ्याला २५ ते ३० लाख. म्हणजे एका हेक्टर उसाच्या पाण्यात सात-आठ हेक्टर हरभरा निघतो. हे फळ्यावर लिहिलं की सभेत शांतता पसरते, आणि मग खरी चर्चा सुरू होते.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने नेमकं हेच केलं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चर, बांध, चराईबंदी ही कामं झालीच, पण गाव टिकलं ते ग्रामसभेतल्या ताळेबंदामुळे. पाऊस मोजायचा आणि त्यानुसार पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, उसाला परवानगी नाही. याउलट, उत्साहाने श्रमदान झालं, पहिल्या चांगल्या पावसात विहिरी भरल्या आणि दोन वर्षांत बोअर आणि ऊस वाढून गाव पुन्हा टँकरवर आलं, अशीही गावं मी पाहिली आहेत. तिथल्या लोकांना साठवायला शिकवलं, खर्च मोजायला शिकवलं नाही.

बंदी न घालताही हे जमतं. आंध्र प्रदेशात (तेव्हा तेलंगण त्यातच होतं) २००३ पासून ७ जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पातळ्या मोजल्या, रब्बीच्या आधी गावोगाव हिशोब मांडला. कोणावर सक्ती नव्हती. तरीही अनेकांनी भाताऐवजी कमी पाण्याची पिकं घेतली.

एका गोष्टीकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. चर आणि चराईबंदीचा त्रास माथ्यावरच्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला, पाणी मात्र खालच्या बागायतदाराला. या दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय कार्यक्रम पुढे नेऊ नका. चराईचा डोंगर एकदम बंद करू नका, भागाभागाने करा. फादर हर्मन बाखर यांनी पुढाकार घेतलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जमिनीच्या प्रत्येक गट नंबरचं नियोजन त्या शेतात उभं राहून, नवरा-बायको दोघांशी बोलून व्हायचं. बायकांचं मत चावडीवर येत नाही, शेतात येतं.

प्लास्टिकचं म्हणाल तर ते यातलं सोपं काम. कचरा उचलायची सोय आणि सांडपाण्याला घरोघर शोषखड्डा झाला की बराच फरक पडतो. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा, मुलांकडून वर्षानुवर्षं ओढा साफ करून घेऊ नका.

या महिन्यात एवढं करा: शाळेत पर्जन्यमापक बसवा, वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून पाच-सहा विहिरी निवडा आणि मुलांना दर पंधरा दिवसांनी दोरीने पातळी मोजायला लावा. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते, त्यांच्या जिल्हा कार्यालयातून तुमच्या भागाचे जुने आकडे मागवून शेजारी लावा. आणि ताळेबंदाची ग्रामसभा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घ्या. एकदा रब्बीचं बियाणं घरात आलं की पीक बदलायला कोणी तयार होत नाही.