मुंकच्या ‘द स्क्रीम’ची कीचेन : सॉफ्ट इनॅमल घ्यावे की हार्ड?

भावाला भेट देण्यासाठी नॉर्वेचे चित्रकार एडव्हर्ड मुंक यांच्या ‘द स्क्रीम’ या चित्रावर बेतलेली इनॅमलची कीचेन घ्यायची आहे, तर ती सॉफ्ट घ्यावी की हार्ड, आणि रंग टिकतील का, असे आपण विचारले आहे. किल्ल्या रोजच्या वापरातल्या असतील तर हार्ड घ्यावे, असे माझे मत आहे.

दोन्ही प्रकारांत धातूवर ठशाने रेषा उठवून त्यांच्यामधल्या खोलगट कप्प्यांत रंग भरतात. सॉफ्ट प्रकारात रंग रेषेच्या पातळीखाली राहतो, त्यामुळे बोट फिरवल्यावर रेषा हाताला लागतात. हार्ड प्रकारात रंग काठोकाठ भरून, भाजून, नंतर घासून पृष्ठभाग सपाट करतात. खरे सांगायचे तर या चित्राला सॉफ्टचा उठाव अधिक शोभतो, कारण आकाशातले तांबडे-पिवळे वळणदार पट्टे त्यात जिवंत वाटतात. पण खिशात किल्ल्यांशी घासून उठलेल्या रेषांवरचा मुलामा उडतो आणि खळग्यांत मळ साचतो. ‘हार्ड’ म्हणून मिळणारा रंगही बहुधा रेझिनसारखाच, म्हणजे कृत्रिम राळेसारखा असतो. मीनाकारीत भट्टीत वितळवलेली काच असते, तसे काम या किमतीत मिळणार नाही.

मुंक १९४४ मध्ये वारले आणि चित्रावरचा स्वामित्वहक्क संपला, त्यामुळे कोणीही ही कीचेन काढू शकतो आणि दर्जात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून छायाचित्रात आधी पुलाचा तिरका कठडा आणि मागच्या दोन आकृती पाहाव्यात. ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या १८९३ च्या चित्रात त्या दूर, ताठ उभ्या आहेत. मुंक यांनीच पेस्टलने, म्हणजे रंगीत खडूंनी, काढलेल्या १८९५ च्या आवृत्तीत त्यांतली एक शहराकडे वळली आहे. स्वस्त मालात त्या सरळ गाळतात, आणि मग कान झाकलेला तो चेहरा मोबाइलमधल्या इमोजीसारखा दिसू लागतो. इनॅमलमध्ये दोन रंगांच्या मध्ये धातूची रेषा लागतेच, त्यामुळे पुठ्ठ्यावर टेम्परा (चिकट द्रवात कालवलेला रंग) आणि क्रेयॉनने आलेला मूळ खरखरीतपणा मात्र कोणत्याच कीचेनमध्ये येत नाही.

वर इपॉक्सीचा (एक प्रकारचे रेझिन) पारदर्शक थर असेल तर तो उन्हात पिवळा पडू शकतो, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. पुसायला साबणाचे कोमट पाणी पुरते, ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचे द्रावण) टाळावे. शेवटी जोडकडी नीट बघा, कारण कीचेन हरवते ती बहुधा तिथेच उघडून. चकतीला जोडणारी कडी नुसती वाकवलेली असेल, तर दुहेरी वेढ्याची कडी घालून घ्यावी.