इंग्रजीत वाइज, क्लेव्हर, श्रूड, प्रूडंट, अस्ट्यूट या सगळ्यांचा अर्थ ‘शहाणा’च ना? मग फरक कशाला करायचा?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही बँकेच्या परीक्षेची तयारी करताय आणि शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘शहाणा, हुशार’ एवढंच दिसतंय, असं लिहिलंय. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. ज्या नोकरीसाठी तुम्ही हे शब्द पाठ करताय, तिथेच हा फरक न केल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कर्जाच्या प्रस्तावात एक परिच्छेद कर्जदाराबद्दल असतो. ताळेबंद, तारण, जामीनदार हे सगळं आकड्यांत येतं, माणूस मात्र शब्दांतच लिहावा लागतो. बहुतेक जण तो परिच्छेद जुन्या फायलीतून उचलून चिकटवतात. मी कधी तसं केलं नाही.

2016 सालची गोष्ट. मी मराठवाड्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात होते. आदल्या वर्षी तूरडाळ किरकोळीत 200 रुपये किलोच्या आसपास गेलेली, भाव अजून चढेच होते. शाखेचा एक भुसार व्यापारी सीसी लिमिट, म्हणजे माल खरेदीसाठी बँकेतून उचलता येणाऱ्या पैशाची मर्यादा, वाढवून मागत होता. मी गोदाम बघायला गेले. तो पोत्यात हात घालून मूठभर तूर काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि ओलावा किती ते सांगायचा. तिथलाच मीटर लावून बघितला, तर जवळपास तेवढाच निघाला. फोनवर समोरच्या आडत्याच्या नुसत्या आवाजावरून त्याला पैशाची निकड आहे हे ओळखून भाव तिथल्या तिथे पाडायचा. स्टॉक स्टेटमेंट चोख, मोजलं तर एक पोतं इकडचं तिकडे नाही.

पण खात्याचा उतारा काढला तेव्हा एक मोठा चेक दिसला, धान्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाच्या नावे. विचारलं तर म्हणाला, “हायवेला प्लॉट घेतला मॅडम. तुरीचा पैसा जमिनीत टाकला की दुप्पट होतो.” म्हणजे माल खरेदीसाठी दिलेला पैसा जमिनीत गेलेला, आणि वर पुढच्या हंगामाचे सौदेही चढ्या भावाने बांधून ठेवलेले. “भाव पडले तर?” असं विचारल्यावर हसला आणि म्हणाला, “बाजार मला विचारून चालतो.”

मी टिप्पणीत लिहिलं, ‘श्रूड बट नॉट प्रूडंट’. दुसऱ्याची नस ओळखतो, पण स्वतःच्या वाईट दिवसाची सोय करत नाही. त्या माणसाबद्दल याहून नेमकं काही लिहिता आलं नसतं, असं मला आजही वाटतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, दोन्हींचा अर्थ हुशारच. हुशार आहे पण हुशार नाही, असं लिहिलंत तुम्ही. वरचे लोक हसतील.” मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या शिफारशीत ‘श्रूड अँड प्रूडंट’ लिहून फाइल वर पाठवली. माझ्या कागदावर माझी सही होती, म्हणून तो तसाच आत राहिला. लिमिट मंजूर झालं.

त्या हंगामात तूर अमाप पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकली जात होती. बांधलेले सौदे गळ्यात आले. प्लॉट विकायला काढला, पण 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झालेली, जमिनीला गिऱ्हाईक कुठून येणार? व्याज थकलं, नव्वद दिवस उलटले आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं. पुढे चौकशीत माझी टिप्पणी बाहेर आली. साहेबांनी तेव्हाही हेच सांगितलं, की भाव पडणं हे नशीब, त्यात शब्दांचा काय संबंध.

संबंध आहे. श्रूड माणसाचं लक्ष समोरच्यावर असतं: तो काय लपवतोय, कुठवर ताणता येईल. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘बेरकी’. प्रूडंटचं मूळ लॅटिनमध्ये ‘पुढचं पाहणारा’ असं आहे; आपला ‘दूरदर्शी’ किंवा ‘धोरणी’ तिथे चालतो. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 151 बघा. दुसऱ्याचा माल तुमच्या ताब्यात असेल, तर साधारण ‘प्रूडन्स’ असलेला माणूस स्वतःच्या मालाची घेईल तितकी काळजी घ्या, असं ते सांगतं. तिथे श्रूड माणूस चालला नसता. कर्ज थकीत कधी धरायचं, तरतूद किती करायची, याचे जे नियम रिझर्व्ह बँकेने 1992 पासून आणले त्यांना ‘प्रूडेन्शियल नॉर्म्स’ म्हणतात. मुलाखतीत हे विचारतात, म्हणून लक्षात ठेवा.

साहेबांचा आणखी एक लाडका मुद्दा होता, की प्रूडंट म्हणजे भित्रा. साफ चूक. त्याच बाजारात एक वयस्कर आडते होते, भर तेजीत लिमिट अर्ध्याच्या वर वापरायचे नाहीत. लोक त्यांना कद्रू म्हणायचे. 2017 मध्ये भाव तळाला गेल्यावर ज्यांच्या हातात पैसा शिल्लक होता असे तेच, आणि त्यांनी बेधडक खरेदी केली. भित्रा माणूस पडत्या बाजारात पोतीच्या पोती उचलत नाही. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर त्या आडत्यांची आठवण ठेवा.

बाकीचे शब्द भराभर सांगते. क्लेव्हर म्हणजे डोकं चपळ. त्यात चांगुलपणाची हमी नाही, आणि ब्रिटिश माणूस कधी कधी नाक मुरडूनच तो शब्द वापरतो. अस्ट्यूट म्हणजे परिस्थिती अचूक वाचून तिचा फायदा करून घेणारा, राजकारणी आणि गुंतवणूकदार यांना हा जास्त शोभतो. आपण पेशवाईतले ‘साडेतीन शहाणे’ म्हणतो, त्यातला ‘शहाणे’ मला अस्ट्यूट वाटतो. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस हे मुत्सद्दी होते, संत नव्हते. वाइजमध्ये काय मिळवायचं आणि काय सोडून द्यायचं याची समज येते, आणि ती सहसा वय झाल्याशिवाय येत नाही. ज्युडिशस म्हणजे विचारपूर्वक, तो निर्णयाला किंवा वापराला लावा: खतांचा, पाण्याचा, अधिकारांचा ज्युडिशस वापर. सगेशस म्हणजे जाणता; तो ओळखता आला तरी पुरे, बोलताना वापरू नका, पुस्तकी वाटतो.

कनिंग आणि श्रूड यांची तर अदलाबदल झाली आहे. कनिंग एके काळी कौतुकाचा होता, ‘कसबी, जाणकार’ अशा अर्थाचा. श्रूड मुळात ‘दुष्ट’ या अर्थाचा होता. आज पहिला शिवीच्या जवळ गेलाय आणि दुसरा वर चढलाय. म्हणून जुन्या इंग्रजी मजकुरात कनिंग दिसला की लगेच ‘धूर्त’ लिहून मोकळं होऊ नका.

क्लासवाले पाच समानार्थी शब्दांची जी यादी हातात देतात, ती माझ्या मते फाडून टाकावी. प्रत्येक शब्द ओळखीच्या एकेका माणसाला लावून बघा. मावशी प्रूडंट की श्रूड, यावर घरात वाद झाला तर फारच छान.

एक सांगायचं राहिलं. श्रूड हा दोष नव्हे. ‘श्रूड जजमेंट’ हे उघड कौतुक आहे, आणि तो व्यापारी लबाड होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. आणि परीक्षेत समानार्थी शब्द विचारला असेल, तर माझ्यासारखा वाद घालत बसू नका. अस्ट्यूटसमोर श्रूड दिसला की खूण करून पुढे जा. रिकाम्या जागा भरताना मात्र वाक्यात सौदा किंवा स्पर्धक आहे का बघा, की बचत, विमा, खबरदारी आहे. पहिल्यात श्रूड बसेल, दुसऱ्यात प्रूडंट.