‘अपघातग्रस्त वळण’ असे काही नसते

रस्ता सुरक्षेच्या कामात असलेल्या एका ताईंनी विचारले आहे: “आमच्या समितीच्या इतिवृत्तात ‘अपघातग्रस्त क्षेत्र’ असे लिहितात, रस्त्यावरच्या फलकावर ‘अपघाती क्षेत्र’ असते आणि वर्तमानपत्रात ‘अपघातप्रवण क्षेत्र’. यातले बरोबर कोणते? शिवाय अपघातांच्या डेटाला ‘विदा’ म्हणावे का?”

बरोबर ‘अपघातप्रवण’. ‘अपघातग्रस्त क्षेत्र’ ऐकले की माझा संताप होतो, आणि हल्ली ते रोज ऐकावे लागते.

ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रस् या धातूपासून ग्रास, आणि ग्रासाचा आपला घास. ग्रासलेल्या स्थितीतच चंद्र उगवला तर पंचांगवाले त्याला ग्रस्तोदित म्हणतात. अपघातग्रस्त गाडी असते, अपघातग्रस्त कुटुंब असते. पुराच्या पाण्याने गाव खरेच गिळले, म्हणून ते पूरग्रस्त. वळणाला अपघात गिळत नाही. क्रेन येते, काचा झाडून घेतात, वाहतूक सुरू होते आणि वळण होते तसेच उरते. अडचण नेमकी ही आहे, आणि ‘ग्रस्त’ हा शब्द तीच झाकून टाकतो.

हा भेद सरकारी मराठीत फार पूर्वीपासून नीट पाळलेला आहे. माण तालुका भरपूर पावसाच्या वर्षीही अवर्षणप्रवणच असतो. दुष्काळग्रस्त तो दुष्काळ पडेल त्या वर्षीच होतो. एक शब्द जागेचा स्वभाव सांगतो, दुसरा तिच्यावर ओढवलेला प्रसंग. पावसाच्या बाबतीत ज्यांना हे कळते, त्यांनी रस्त्यावर आल्यावर ते विसरावे, याला कारण काय?

‘अपघाती’चे एका ओळीत सांगतो. अपघाती मृत्यू म्हणजे अपघाताने आलेला मृत्यू. मग अपघाती वळण म्हणजे अपघाताने तयार झालेले वळण! फलक रंगवणाऱ्याला दोष देत नाही, त्याला मजकूर कोणीतरी लिहून दिलेला असतो.

आता ‘प्रवण’. हा शब्द मराठीत एकटा कधी येत नाही. कार्यप्रवण, विचारप्रवण, भावनाप्रवण, भूकंपप्रवण असा दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावूनच येतो, त्यामुळे त्याचा मूळ अर्थ कोणी विचारत नाही. मूळ अर्थ आहे उतार. डोंगराची उतरती बाजू, खाली जाणारी जमीन. यज्ञभूमी कशी असावी हे सांगताना ‘प्राक्प्रवण’, ‘उदक्प्रवण’ म्हणजे पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे उतरती, असे शब्द येतात. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या ५७ व्या सूक्तात इंद्राच्या दातृत्वाला उपमा दिली आहे ‘अपामिव प्रवणे’, उतारावरच्या पाण्यासारखे, आणि विशेषण दिले आहे ‘दुर्धरम्’, आवरायला कठीण.

उतारावर आवरायला कठीण. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा महामार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. साताऱ्याकडून माल भरून आलेला ट्रक त्या उतारावर न्यूट्रलला टाकला, की थोड्याच वेळात ब्रेकचे काही चालत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने एकापाठोपाठ कितीतरी गाड्या चिरडल्या. त्या जागेला ‘प्रवण’ म्हणणे हे इंग्रजीचे भाषांतर नव्हे, ते तिथल्या जमिनीचे वर्णन आहे.

मराठीतही कलाची कल्पना उताराच्या जवळचीच आहे. मुलाचा ‘कल’ गणिताकडे, म्हणजे तो तिकडे कललेला. त्याचा ‘ओढा’ गाण्याकडे, आणि ओढा म्हणजे पाण्याचा ओहोळही. पाणी जिकडे आपसूक जाते, तिकडे मन जाते.

इथे काही जाणकार आडवे येतात. त्यांचे म्हणणे, ‘प्रवण’ म्हणजे मनाचा कल, तो सजीवालाच लागू, म्हणून ‘अपघातप्रवण चालक’ म्हणा, ‘अपघातप्रवण रस्ता’ म्हणू नका. हे साफ उलटे आहे. माणसापासून सुरुवात झाली ती इंग्रजीत: तिथे ‘अ‍ॅक्सिडेंट-प्रोन’ची कल्पना १९२० च्या दशकात कारखान्यांतल्या कामगारांविषयी रूढ झाली, की काही माणसांनाच वारंवार अपघात होतात. आपल्या शब्दाची सुरुवात जमिनीपासून आहे आणि मनाला तो नंतर लागला. इंग्रजी वापर डोक्यात ठेवून संस्कृत शब्दाला शिस्त लावायला जाणे हे अडाणीपणाचे आहे, मग ते करणारा कितीही मोठा पंडित असो.

दुसरा वाद व्युत्पत्तीचा. जुने पंडित ‘प्रवण’ हा प्रु म्हणजे जाणे या धातूपासून काढतात. मला ते पटत नाही. ऋग्वेदात प्रवत्, निवत्, उद्वत् असे तीन भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत: उतार, सखल जागा आणि उंचवटा. प्र, नि, उद् या उपसर्गांनाच प्रत्यय लागून ते झाले आहेत. ‘प्रवण’ त्याच घरचा. पुढे झुकलेले ते प्रवण. लॅटिनमधला ‘प्रोनुस’ही पुढे झुकलेला, आणि इंग्रजीतला ‘प्रोन’ त्याच्यापासूनच आला.

पण ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते पुढेच आहे. अमरसिंहाच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात, त्याच्या नानार्थवर्गात म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या प्रकरणात, ‘प्रवण’चे अर्थ दिले आहेत. पहिला, क्रमाक्रमाने खाली जाणारी जमीन. दुसरा, वाकलेला किंवा नम्र. आणि पुल्लिंगी असेल तर तिसरा: चतुष्पथ. म्हणजे चौक! उतार आणि चव्हाटा, हे दोन्ही एका शब्दात. रस्त्यावर माणसे मरतात त्या जागांचा नकाशा मांडा आणि पाहा, लाल खुणा कुठे दाटतात ते.

पाश्चात्त्य कोशकार चौकाच्या अर्थापुढे ‘केवळ कोशांत आढळतो’ अशी खूण करतात, आणि आपले लोक ती पाहून हा अर्थच सोडून देतात. माझे मत वेगळे आहे. जुनी वाट कोणी आखत नसे, ती पाण्याच्या मार्गाने पडत असे. माणूस, बैल, पाणी तिघेही सोपा उतार शोधतात. पावसाळ्यात आपल्या पाणंदीतून पाणीच वाहते, हे गावाकडच्या कोणालाही ठाऊक आहे. चारी बाजूंचे उतार जिथे एकत्र येतात तिथे पाणी मिळते, आणि वाटाही तिथेच मिळतात. घाटाच्या पायथ्याचा तिठा, नदीच्या उताराजवळचा चौफुला आठवून पाहा. नदी जिथे ओलांडता येते त्या जागेला आपण ‘उतार’च म्हणतो, हेही लक्षात घ्या. अमरसिंहाने हा अर्थ कल्पनेतून काढलेला नाही. उताराच्या टोकाला चौक असतो, एवढे त्याच्या शब्दाने नोंदवून ठेवले आहे. याच्या विरुद्ध पुरावा कोणी आणला तर मी जरूर वाचीन. नुसती खूण हा पुरावा नव्हे.

आता ताईंच्या समितीकडे वळतो, कारण शब्द चुकला की काम कसे चुकते ते मी पाहिले आहे. एका पोलीस ठाण्यातली अपघातांची जुनी नोंदवही मला काही वर्षांपूर्वी चाळायला मिळाली. घटनास्थळाच्या रकान्यात दोन नोंदी होत्या ‘घाट उतरताना’, दोन ‘देवळाजवळील वळणावर’ आणि एक ‘धाब्यासमोर’. धाबा केव्हाच उठून गेला होता. तिथल्या वयस्कर हवालदारांनी बोट ठेवून सांगितले, “हे सगळं एकच ठिकाण आहे साहेब.” केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण जागा, ठरतो. त्या पाचही नोंदी ३ वर्षांच्या आतल्या आणि पाचही गंभीर होत्या. दोन, दोन आणि एक, बेरीज पाच. पण कागदावर ती तीन ठिकाणे असल्यामुळे तीनपैकी एकही यादीत आले नव्हते.

प्रत्येक नोंदीत ‘अपघातग्रस्त’ गाडी होती, तिचा नंबर होता, चालकाचे नाव होते. जागेला मात्र नीट नाव नव्हते. म्हणून मी म्हणतो, ग्रस्तांच्या नोंदीतून प्रवण जागा शोधून काढायची असते. ग्रस्त ही नोंद आहे, प्रवण हा त्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष. दोघांना एकच शब्द वापरला की निष्कर्ष काढायचे काम बाकी आहे, याचाच विसर पडतो.

आता रस्ते अपघातांची माहिती साठवणाऱ्या केंद्राच्या आयरॅड आणि ई-डार या संगणक प्रणालींमुळे तपास अधिकारी घटनास्थळावरूनच मोबाइलवर माहिती भरतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश सोबत जातात. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी हे काम केले, आणि २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांपासून सुरुवात झाली त्यांत महाराष्ट्र होता. धाबा उठून गेल्याने आता बिघडणार नाही. मात्र भरणाऱ्याने ठाण्यात परत येऊन माहिती भरली, तर सगळे अपघात ठाण्याच्या अंगणात झालेले दिसतील. ताईंनी आपल्या तालुक्याचा नकाशा उघडून तेवढे आधी तपासावे.

आणि मग बंदोबस्त. उतार प्रवण आहे असे एकदा म्हटले, की स्पीड गनची गाडी कुठे उभी करायची हे शब्दच सांगतो: उताराच्या माथ्यावर, जिथे चालक अजून गिअर बदलू शकतो. पायथ्याशी झाडामागे उभे राहून पावती फाडली तर दंड जमा होईल, ट्रक थांबणार नाही. वेळेचेही तसेच. नोंदी पहाटेच्या असतील आणि नाकाबंदी संध्याकाळी सहाला लागत असेल, तर नोंदी कोणी वाचलेल्याच नाहीत.

जाता जाता, पोलिसांच्या तक्त्यात आणि तिथून बातम्यांत ‘प्राणांकित अपघात’ असे छापले जाते. तो शब्द ‘प्राणांतिक’. प्राणांचा अंत करणारा तो प्राणांतिक. ‘प्राणांकित’चा अर्थ लावायचाच झाला तर ‘प्राणांची खूण असलेला’ असा होईल, आणि ज्या रकान्यात मेलेली माणसे मोजतात तिथे तो लिहिणे असह्य आहे. तसेच ‘काळाने घाला घातला’. घाला म्हणजे अचानक आलेली धाड. तीन वर्षांत पाचदा त्याच पाचशे मीटरवर आलेली धाड अचानक कशी?

‘विदा’ म्हणायला माझी हरकत नाही, विद् धातूचा तो शब्द चांगला आहे. पण पोलीस ठाण्यात ‘नोंदी’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

इतिवृत्तातले वाक्य ताईंनी असे दुरुस्त करून घ्यावे: “गेल्या ३ वर्षांतील अपघातग्रस्त वाहनांच्या नोंदींवरून पुढील पट्टे अपघातप्रवण आढळले.” आणि त्याखाली प्रत्येक पट्ट्याचे किलोमीटर, दिशा आणि वेळ.