युरोपियन सार्वजनिक खरेदी कायद्यात (सरकारी संस्थांनी निविदा काढून कामं कशी द्यायची, याचे नियम) पीएचडी करून प्राध्यापकी करायची आहे. एलएलएमनंतर सुरुवात कुठून करावी?

विद्यापीठांना मेल पाठवण्याआधी दोन महिने निकाल वाचा. २०१४/२४ हा या क्षेत्राचा मुख्य डायरेक्टिव्ह, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेला युरोपियन युनियनचा कायदा, पण नुसत्या कलमांवरून तो उमगत नाही. त्यातली बरीच कलमं लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या, म्हणजे युनियनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, जुन्या निकालांमधून आली आहेत. १९९९चा टेकल (खटला क्रमांक सी-१०७/९८) वाचून कलम १२ उघडा: सरकारी संस्थेला स्वतःच्याच कंपनीला निविदेशिवाय काम कधी देता येतं, हा प्रश्न. कंपनीने त्या संस्थेसाठी किती काम करायला हवं, याला निकालात 'कामाचा मुख्य भाग' म्हटलं होतं, कलमात त्याचे ८० टक्क्यांहून जास्त झाले. त्याच वर्षीच्या अल्काटेलमागे (सी-८१/९८) करारावर सही झाल्यावर हरलेल्या निविदाकाराने दाद मागायची कशी, हा पेच होता. निवड कळवल्यावर सहीआधी किमान १० दिवस थांबण्याचा २००७चा नियम त्यातूनच आला.

प्रस्ताव पडतात ते बहुधा विषय पसरट असल्यामुळे. 'भारत आणि युरोपियन युनियन: तुलनात्मक अभ्यास' हा मथळा कृपया टाळा. त्यापेक्षा २२ ऑक्टोबर २०२४चा कोलिन (सी-६५२/२२) घ्या. क्रोएशियातलं रेल्वेचं काम, निविदाकार तुर्कस्तानचा. युनियनशी खरेदीचा करार नसलेल्या देशातल्या कंपनीला या नियमांखाली समान वागणूक हक्काने मागता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तिला घ्यायचं की नाही, हे खरेदीदार संस्था ठरवणार. मग मनमानीला चाप कुठला आणि दाद कुठे? भारत जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात निरीक्षक आहे, सदस्य नाही. त्यामुळे हा प्रश्न आपल्या कंपन्यांनाही थेट भिडतो, आणि माझ्या मते पीएचडीला पुरून उरेल.

एका सदस्य देशाचा कायदा आणि त्याची भाषा मात्र हवीच. जर्मनीत तक्रार आधी फेरगाबेकामरकडे (खरेदीच्या तक्रारी ऐकणारं खास मंडळ) जाते, नेदरलँड्समध्ये दिवाणी न्यायालयात. ते निर्णय स्थानिक भाषेत असतात आणि खरा माल तिथेच सापडतो.

जागांसाठी कोपनहेगन, ट्युरिन, नॉटिंगहॅम बघा. नॉटिंगहॅमचं नाव मोठं, पण ब्रिटनचा स्वतःचा खरेदी कायदा २४ फेब्रुवारी २०२५पासून लागू आहे, हे ध्यानात ठेवा. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (युनियनच्या पैशावर चालणारी पीएचडीची योजना) पगारी नोकरी मिळते. अट अशी की भरतीआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे नोकरी मिळणार त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तिथे आधीच एलएलएम करत असाल तर दिवस मोजा, चांगले अर्ज इथेच बाद होतात.

मार्गदर्शकाला एकच पान पाठवा: एक प्रश्न, तीन निकाल, एक देश.