रोज पिणारा माणूस न घडलेलं का सांगतो?

तुम्ही विचारलंय की मोठेबाबा वीस वर्षांपासून रोज पितात, आता कालचं आठवत नाही अन् न घडलेलं छातीठोकपणे सांगतात, हे नाटक आहे का? बहुतेक नाही.

आमचे एक शेजारी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल तोरणाखाली जोडी मीच नेली ना गा!" जोडी दोन वर्षांआधीच विकलेली. सारे हसले, मीही हसलो.

सतत पिणाऱ्याचं जेवण तुटतं, त्यात दारूमुळे ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, अंगी लागत नाही. मग नवं काही लक्षात राहत नाही आणि रिकाम्या जागा मेंदू स्वतःच भरतो. याला कोर्साकॉफ सिंड्रोम म्हणतात. पंगतीत शिवीगाळ, उधारीची लाज न वाटणं, हा कपाळामागच्या भागाचा सैल झालेला लगाम. तोल सांभाळणारा लहान मेंदू बिघडला की न पिताही पाय लटपटतात. मोहाची घरची दारू बाधत नाही म्हणतात. अल्कोहोल तेच, बाप्पा.

बाटली लपवून दारू एकदम मात्र तोडू नका. रोजच्याला दोन-तीन दिवसांत झटके, भास सुरू होऊ शकतात, जीवही जातो. सोडवायची तर डॉक्टरच्या देखरेखीत. गोंधळ अचानक वाढला, तोल जायला लागला किंवा डोळे भिरभिरले तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या अन् रोज पितात हे आधी सांगा. थायमिनचं इंजेक्शन लवकर मिळालं तर बराच फरक पडतो. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलतात.