हिरड्यांतून रक्त येतं, कॅन्सर तर नाही?

प्रश्न : वय 46. रोज दोन पुड्या खर्रा खातो. ब्रश करताना रक्त येतं. हिरड्यांच्या आजारातून कॅन्सर होतो का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : रक्त बहुधा दातांच्या मुळाशी साचलेल्या कीटणामुळे येतं. हिरड्यांचा जुनाट आजार आणि तोंडाचा कॅन्सर एकत्र आढळतात, पण एकातून दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तुमच्या बाबतीत खरी काळजी खर्र्याचीच, त्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात. आणि नुसता तंबाखू सोडून भागत नाही, सुपारीही कॅन्सरकारकच.

आरशासमोर उजेडात गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, खर्रा धरता तो कोपरा बघा. न खरवडला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला एखादाच दात, यांपैकी काहीही दिसलं तर नागपुरातल्या मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. गरज वाटल्यास त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासतात. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील आणि तिखट झोंबत असेल, तरीही जा.

कीटण ब्रशने निघत नाही, स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून ते खरवडून घेणंच, लागतं. त्याने दात ढिले होतात ही अफवा. नंतर काही दिवस दातांना थंड झोंबतं, एवढंच.