एकात्मीकरण, समावेश की सांगड?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी सहायकांचा प्रश्न: ग्रामसभेत वाचायच्या टिपणात ‘आंतरराष्ट्रीय हवामानबदल मूल्यमापनांमध्ये शाश्वत विकासाचे एकात्मीकरण’ असं आलंय. हा शब्द ठेवू की ‘समावेश’ करू?

दोन्ही काढा, ‘सांगड’ घ्या.

समावेशात यादीला एक नाव जोडलं जातं, बाकी यादी हलत नाही. एकात्मीकरणात दोन वस्तू मिळून एक होतात. सांगड हे मुळात नदी उतरायचं साधन, दोन भोपळे किंवा दोन होड्या एकमेकांना बांधलेल्या. दोन्ही वेगळ्या दिसतात, पण एक बुडू लागली की दुसरी कलते. पराटीत (कपाशीत) तुरीचं तास असतं तसंच. वेचणी वेगळी, कापणी वेगळी, हिशोब मात्र एका वावराचा.

टिपणातली ही मूल्यमापनं आयपीसीसीची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीची. १९८८ साली स्थापन झालेली ही समिती स्वतः संशोधन करत नाही, प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेते. (‘मूल्यमापन’ ऐकून शाळेचे गुण आठवतात, म्हणून मी ‘आढावा’च लिहीन.) २००७च्या चौथ्या अहवालात तिसऱ्या कार्यगटाने (उत्सर्जन घटवण्याचे उपाय पाहणाऱ्या) शाश्वत विकासाला स्वतंत्र बारावं प्रकरण दिलं. तेवढ्याला समावेश चालेल. पण २०१८च्या दीड अंश तापमानवाढीवरच्या विशेष अहवालात, पाचव्या प्रकरणात, उत्सर्जन घटवणारे उपाय संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांशी ताडून पाहिले: कुठे हातभार, कुठे ओढाताण. तिथे समावेश अपुरा पडतो.

गावात सौरपंपाचं उदाहरण द्या. डिझेल वाचलं, हे १३वं उद्दिष्ट, हवामानाचं. पण ऊन आहे तोवर पंप फुकट चालतो; उपसा वाढला तर विहीर खोल जाते आणि ६वं, पाण्याचं, मागे पडतं. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या कास्तकाराला हे समजावावं लागणार नाही. सांगड घालायची तर वाचलेलं डिझेल आणि मे महिन्यातली विहिरीची पातळी एकाच कागदावर लिहा, पंप बसवण्याआधीची आणि नंतरचीही.

‘शाश्वत’चा मूळ अर्थ नित्य, कायमचा. शाश्वत विकासाची व्याख्या देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रंटलँड अहवालातल्या अर्थाला ‘टिकाऊ’ जास्त जवळचा, पण सरकारी कागदांत ‘शाश्वत’ रुळलाय, राहू द्या. वाचताना एकदा ‘पुढच्या पिढीलाही पुरेल असा’ म्हणा.

सांगड स्त्रीलिंगी, आणि ती घालतात, करत नाहीत. विभक्ती ‘ची… शी’. ‘मूल्यमापनांमध्ये सांगड’ लिहिलंत तर समावेशच मागच्या दाराने परत आला. वाक्य असं करा: ‘हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय आढाव्याची शाश्वत विकासाशी सांगड घालणे’.